पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी विद्यापीठाचे पैसे मिळतात का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू एस.वाय.बी.एस्सी.ला आहेस, विषय मायक्रोबायोलॉजी, कॉलेज निफाड तालुक्यातलं, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. घरची द्राक्षबाग आहे. बागेच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू किती आणि कोणते, यावर तुला काम करायचंय. वर्गावर येणाऱ्या मॅडम मार्गदर्शन करायला तयार आहेत, पण ‘विद्यापीठाचं फंडिंग मिळालं तर बघू’ असं त्या म्हणाल्या. घरी पैसे मागायची सोय नाही, आणि संध्याकाळच्या शिकवण्या सोडल्या तर तुझा महिना निघणार नाही. तर विद्यापीठ पदवीच्या मुलांना असे पैसे देतं का, आणि अर्ज कुणाकडे करायचा?

मी मायक्रोबायोलॉजीच शिकवते आणि बरीच वर्षं आमच्या कॉलेजच्या संशोधन समितीचं काम पाहते. प्रस्ताव लिहिणं, इतरांचे तपासणं, मंजूर पैशांचा हिशेब देणं हे नेहमीचं आहे. त्यावरून सांगते: पैसे असतात, पण ते तुझ्या नावाने येत नाहीत, आणि आले तरी तुझी अडचण अर्धीच सुटते. तुझ्या प्रश्नात दोन गरजा एकत्र झाल्या आहेत. प्रयोगाला लागणाऱ्या सामानाचे पैसे ही एक, आणि तुझ्या वेळेचे पैसे ही दुसरी. मॅडम बोलताहेत ते सामानाबद्दल. तुला शिकवणी सोडावी लागेल ही भीती वेळेबद्दलची आहे. या दोन गोष्टींचे पैसे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

सामानापासून सुरू करते, कारण इथे गरजेपेक्षा जास्त घाबरलं जातं. तुझ्या कामाचा पहिला टप्पा कागदावर मांडून बघ. समज, बागेतल्या दहा जागांची माती घेतलीस. प्रत्येक नमुन्याचे तीन डायल्यूशन (पातळ केलेली द्रावणं) लावलेस आणि प्रत्येकाच्या दोन प्लेट घातल्यास, तर झाल्या ६० प्लेट. एका प्लेटला २० मिली माध्यम (जिवाणूंचं खाद्य) धरलं तर सव्वा लिटरच्या आत, नेमकं १.२ लिटर. माध्यम घट्ट करायला लिटरला १५ ग्रॅम आगर, म्हणजे एकूण १८ ग्रॅम. असे जिवाणू ओळखायला वापरतात त्या पिकोव्हस्काया माध्यमात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लिटरला ५ ग्रॅम लागतं, म्हणजे ६ ग्रॅम. बाकी डेक्स्ट्रोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि चिमूटभर क्षार. आगर विभागात अर्धा किलोच्या बाटलीत येतं. त्यातल्या १८ ग्रॅमसाठी विद्यापीठाच्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही. विभागप्रमुखांनी सही केली की काम सुरू होतं. काचेच्या पेट्री प्लेट धुऊन पुन्हा वापरता येतात आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) प्रॅक्टिकलसाठी लागतोच, त्या फेरीत तुझं माध्यम बसतं. आठवडाभर उबवणीत ठेवल्यावर ज्या वसाहतींभोवती स्वच्छ वलय, म्हणजे फॉस्फेट विरघळल्याची खूण, दिसेल त्या तुझ्या कामाच्या.

दुसऱ्या टप्प्यात त्यातले आठ-दहा चांगले जिवाणू द्रव माध्यमात वाढवून किती स्फुरद सुटलं ते मोजायचं. त्याला रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजणारा कलरीमीटर पुरतो, आणि तो बी.एस्सी.च्या लॅबमध्ये असतोच. वलय मोठं दिसणारा जिवाणू द्रव माध्यमातही सरस ठरेलच असं नाही, म्हणून हा टप्पा गाळू नकोस. पीएचही मोजत जा. हे जिवाणू बहुतेक वेळा सेंद्रिय आम्लं सोडून स्फुरद मोकळं करतात, आणि आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधलेलं असतं, तेव्हा तुझ्या निष्कर्षात या आकड्यांना महत्त्व आहे.

खरे पैसे लागतात ते तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे जिवाणूची ओळख पटवण्यासाठी १६एस सिक्वेन्सिंग (जिवाणू ओळखायच्या जनुकाचं वाचन) बाहेरून करून घ्यायला. तिथेही दहा नमुने पाठवायचे नसतात. आधीच्या दोन टप्प्यांतून गाळून उरलेले तीन पाठवायचे. अनुदानाची गरज इथे आहे, आणि ते मागायला जाताना तुझ्या हातात ६० प्लेटचा तक्ता असेल. छाननीला बसल्यावर मी पहिली हीच गोष्ट बघते, की अर्ज करणाऱ्याने काही करून पाहिलंय का. ‘करण्याचा मानस आहे’ असं लिहिलेल्या दहा प्रस्तावांपेक्षा एक साधा तक्ता जोडलेला प्रस्ताव मी आधी उचलते. म्हणून मॅडमचं वाक्य उलटं करून त्यांच्यापुढे ठेव: फंडिंग मिळालं तर काम सुरू करू असं नको, थोडं काम करून मग फंडिंग मागू.

आता विद्यापीठाच्या पैशांबद्दल. संशोधन अनुदानाच्या बहुतेक योजनांत अर्जदार शिक्षक असतो, विद्यार्थी नसतो. यात विद्यार्थ्यावर अविश्वास आहे असं समजू नकोस. तू दीड वर्षात कॉलेज सोडून जाशील. ऑडिटची शंका येते ती त्यानंतर. पैशाचा हिशेब द्यायला, घेतलेलं उपकरण डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) दाखवायला कुणीतरी तिथेच असावं लागतं. म्हणून प्रस्ताव मॅडमच्या नावाने, प्राचार्यांच्या मार्फत जातो. जुने प्राध्यापक त्याला अजून ‘बीसीयूडीचा प्रोजेक्ट’ म्हणतात, पण महाविद्यालय आणि विद्यापीठ विकासाचं ते मंडळ २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानंतर राहिलेलं नाही. कुणी ‘बीसीयूडीकडे जा’ म्हणालं तर गोंधळू नकोस. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संशोधनाशी संबंधित परिपत्रकं बघायची. योजना दर वर्षी त्याच स्वरूपात निघेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मायनर रिसर्च प्रोजेक्टवर आमच्या पिढीतल्या कॉलेज शिक्षकांच्या कितीतरी लॅब उभ्या राहिल्या. तो आधार आता नाही.

मंजुरी मिळाली तरी पैसा कसा वागतो ते माहीत असू दे. पत्र येतं, मग काही दिवसांनी पहिला हप्ता. बऱ्याचदा हे होईपर्यंत जानेवारी उजाडतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीला तीन कोटेशन, खरेदी समितीची सही, जीएसटीचं बिल कॉलेजच्या किंवा प्राचार्यांच्या नावाने. शेवटी सनदी लेखापालांनी तपासलेला हिशेब आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं प्रमाणपत्र. यातून तुझ्यासाठी एकच नियम निघतो, आणि तो मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला घालून देते: स्वतःच्या पैशाने काहीही विकत आणायचं नाही. ‘तू आण, बिल आलं की देऊ’ असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी नाही. तुझ्या नावाचं बिल हिशेबात बसत नाही, आणि मग ते पैसे कुणाकडे मागायचे हे तुलाही कळत नाही आणि त्यांनाही. हा प्रकार मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिला आहे की याबाबतीत मी ऐकून घेत नाही.

इथे एक चौकशी तुला हळुवारपणे करावी लागेल. मॅडम कायम आहेत की सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर? तासिका तत्त्वावर असतील तर त्यांना मुख्य अर्जदार म्हणून अर्ज करता येणं अवघड असतं, आणि त्यांचं स्वतःचं मानधनसुद्धा वेळेवर होत नसेल. ‘फंडिंग मिळालं तर बघू’ या वाक्यामागे ही अडचण असू शकते, आणि ती त्या तुला सांगणार नाहीत. तसं असेल तर विभागातल्या कायम शिक्षकांना अर्जदार करून मॅडमना सह-मार्गदर्शक ठेवता येतं. पण हा विषय तू काढू नकोस. विभागप्रमुखांशी बोलताना ‘अर्ज कुणाच्या नावाने जाऊ शकेल?’ एवढंच विचार. ते आपोआप कळेल.

विद्यापीठाखेरीज सामानाच्या पैशांच्या आणखी दोन जागा आहेत. तुमच्या कॉलेजला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना मिळाली आहे का, ते बघ. २००८ पासूनची ही योजना खास पदवीच्या विज्ञान शिक्षणासाठी आहे. त्यातून विभागाला रसायनं, काचसामान आणि उपकरणांसाठी पैसे येतात, आणि विद्यार्थ्यांचे छोटे प्रकल्प त्यात अपेक्षितच असतात. योजना असूनही मुलांना तिचा पत्ता नसतो, कारण ती विभागाच्या खात्यावर असते. कॉलेज स्वायत्त असेल तर ‘सीड मनी’ हा शब्द वापरून विचार. संस्था आपल्या शिक्षकांना संशोधनासाठी सुरुवातीची रक्कम देते का, हा स्वायत्त कॉलेजांसाठी नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनातला मुद्दा राहिला आहे, त्यामुळे प्राचार्य तो ऐकतात. मातीच्या रासायनिक तपासणीसाठी मात्र पैसे मागत बसू नकोस. नाशिकला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. घरच्या बागेचा माती परीक्षणाचा अहवाल बहुधा वडिलांच्या फायलीत असेलच. त्यात उपलब्ध स्फुरदाचा आकडा असतो. तो तुझ्या जिवाणूंच्या आकड्यांशेजारी ठेवायला उपयोगी पडेल.

आता तुझ्या वेळेबद्दल, आणि याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे पदवीच्या विद्यार्थ्याचं संशोधन म्हणजे हौस, आवड, ‘सीव्हीला उपयोगी’ असं धरलं जातं. ज्याच्या घरी दोन वेळची चिंता नाही त्याला हे परवडतं. शिकवण्या घेऊन शिकणाऱ्या मुलीला रोजचे दोन तास फुकट द्यायला सांगणं म्हणजे तिला लॅबच्या बाहेरच ठेवणं. अमेरिकेत एमआयटीने १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांबरोबर संशोधनाला लावणारा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात विद्यार्थ्याला कामाबद्दल क्रेडिट किंवा तासाप्रमाणे पैसे घेता येतात. पण विद्यार्थ्याच्या श्रमाला मोल आहे हे शिकायला आपल्याला तिकडे पाहायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते गरिबाच्या मुलाने श्रम करून, स्वाभिमानाने शिकावं याच विचारावर. तुझ्या विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते.

ती योजना तुझ्या कामाची आहे. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक प्राध्यापक नेमलेले असतात, त्यांच्याकडे अर्ज करायचा. तासाप्रमाणे मानधन मिळतं, हजेरीपट असतो. बहुतेक मुलांना ग्रंथालय, कार्यालय, बाग अशी कामं दिली जातात, कारण तशी सवय पडली आहे. पण काम कुठलं द्यायचं हे कॉलेजच्या हातात असतं, आणि मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये कामाला तोटा नसतो. माध्यमं तयार करणं, ऑटोक्लेव्ह लावणं, प्लेट ओतणं, काचसामान धुणं, जिवाणूंची कल्चर्स दर महिन्याला नव्या स्लँटवर (नळीतल्या तिरप्या माध्यमावर) उतरवणं. ही विभागाची रोजची कामं आहेत आणि एरवी लॅबमधल्या मामांवर पडतात. यातली निम्मी कामं तुझ्या संशोधनाचीही कामं आहेत. मी आमच्या विभागात मुलं अशीच घेते. ज्या ऑटोक्लेव्हच्या फेरीत टी.वाय.च्या प्रॅक्टिकलचं माध्यम असतं, त्यातच त्यांचंही असतं. दोन पथ्यं पाळायची. हजेरीपटावर जे काम केलं तेच लिहायचं. स्वतःच्या प्लेट मोजत बसलीस तो वेळ विभागाचं काम म्हणून दाखवायचा नाही. आणि शिकवण्या एकदम सोडायच्या नाहीत. पहिलं मानधन प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत एखादी तरी चालू ठेव, कारण ही रक्कमही कधीकधी उशिरा येते. ती शिकवणीइतकी नसेल, पण तास लॅबमध्ये जातील आणि थोडा आधार होईल.

बारावीला बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असशील आणि केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती चालू असेल, तर आणखी एक गोष्ट तपास. वर्षाच्या ८० हजारांपैकी ६० हजार थेट शिष्यवृत्तीचे आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीचे असतात. पुष्कळ मुलं ६० हजारांवर थांबतात. प्रकल्प करून, मार्गदर्शकाच्या सहीचा अहवाल दिला की उरलेला भाग मागता येतो. मायक्रोबायोलॉजी त्यांच्या विषयांच्या यादीत आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तीन विज्ञान अकादमींची एकत्रित समर रिसर्च फेलोशिप आहे. एस.वाय.ला असताना अर्ज करता येतो, दोन महिने एखाद्या मोठ्या संस्थेत काम, विद्यावेतन, प्रवासखर्च. अर्ज हिवाळ्यातच भरायचा असतो आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. दिवाळीच्या सुट्टीतच मॅडमना सांगून ठेव. हे विद्यापीठाचे पैसे नव्हेत आणि तिथला विषय तुझा नसेल, तरी तिथे शिकलेली पद्धत परत येऊन तुझ्या मातीवर वापरता येईल.

क्रेडिटबद्दल तू विचारलं नाहीस, पण कॉलेज तुला क्रेडिट देऊ करेल म्हणून सांगते. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांना ७५ टक्क्यांची अट आहे. हे काम फील्ड प्रोजेक्ट म्हणून बसत असेल तर जरूर बसव, म्हणजे तेवढा अभ्यासाचा वेळ वाचेल. पण क्रेडिट मिळालं म्हणून पैशाचा प्रश्न सुटला असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नकोस. क्रेडिटने बसचं भाडं भरता येत नाही. ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेचंही तसंच. विद्यापीठाच्या आणि मग राज्याच्या फेरीत पोस्टर मांडायला जरूर जा, परीक्षकांचे प्रश्न खूप शिकवतात. मात्र तिथे झालेलं काम मांडायचं असतं, काम करायला पैसे तिथून येत नाहीत.

मॅडमकडे जाताना एक पान लिहून ने. वर प्रश्न एका वाक्यात: ‘आमच्या बागेत स्फुरदाची खतं दर हंगामाला पडतात, जमिनीत बांधलेलं स्फुरद मोकळं करू शकणारे जिवाणू तिथे आहेत का?’ खाली ६० प्लेटचा हिशेब, मी दिला तसा, सामानाच्या नावांसह. त्याखाली विभागात काय आहे आणि काय नाही. हे लिहायला स्टॉकचं कपाट बघावं लागेल. मामांना विचार, त्यांना बाटलीत किती उरलंय ते रजिस्टरपेक्षा नक्की माहीत असतं. शेवटी स्पष्ट लिही की आठवड्याला किती तास देऊ शकतेस, आणि त्यातले किती कमवा व शिकामधून व्हावेत अशी विनंती आहे. पैशाचं बोलायला लाजू नकोस. मार्गदर्शकाला विद्यार्थ्याची परिस्थिती माहीत नसली की तो त्याच्या अनुपस्थितीला आळस समजतो, आणि चांगली जोडी मोडते.

काम चाललं की वही तुझी, तारखेसह, पेनाने, पान न फाडता. शोधनिबंध निघाला तर त्यावर नाव कुणाचं आणि कोणत्या क्रमाने, हे आधीच विचारून ठेव; चांगले शिक्षक या प्रश्नाने दुखावत नाहीत. आणि दोन-तीन हजार रुपये भरले की आठवड्यात छापून प्रमाणपत्र देणाऱ्या जर्नलच्या मेल तुला येऊ लागतील. तिथे एक रुपयाही देऊ नकोस. तशा कागदाने पुढे प्रवेशात फायदा होत नाही, उलट जाणकार मुलाखतकार तिथेच थांबून वाकडे प्रश्न विचारतो.

एक गोष्ट कॅलेंडरची. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) आसपास बागेत खतांचे डोस पडतात. पहिले नमुने त्याआधी घ्यायला हवेत, नाहीतर तुझे आकडे जमिनीचे आहेत की ताज्या खताचे हे सांगता येणार नाही. विद्यापीठाचं परिपत्रक तोवर निघेल न निघेल. वडिलांना छाटणीची तारीख आजच विचार, आणि ते एक पान त्याच्या दोन आठवडे आधी मॅडमच्या हातात पडेल असं बघ.